निवृत्तीनंतर कुणाच्या कामी यायचं?

निवृत्त माणसाच्या हातात वेळ असतो, पेन्शन असते, तब्येत बऱ्यापैकी साथ देत असते आणि मनात एक प्रश्न घर करून बसलेला असतो: आता कुणाच्या कामी यायचं? या प्रश्नाची दोन उत्तरं मी नेहमी ऐकतो. पहिलं असं, की समाजाचं देणं फेडायची हीच वेळ आहे. दुसरं असं, की आयुष्यभर राबलो, आता फुकट का राबायचं, आणि ही कामं ज्याने करायची ते सरकार काय करतंय? दोन्ही उत्तरांना आधार आहे, म्हणून त्यांना इथे समोरासमोर बसवलं आहे. भाऊ राष्ट्रीयीकृत बँकेतून शाखाधिकारी म्हणून साठाव्या वर्षी निवृत्त झाला. ताई त्याच्याहून पाच वर्षांनी मोठी. ती सरकारी रुग्णालयात परिसेविका होती, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाली. दोघं पुण्यात राहतात. ही पात्रं मी रचली आहेत, पण त्यांचं बोलणं आपल्या घराघरांतलं आहे.

भाऊ : ताई, मार्चअखेर नाही, ऑडिट नाही, वसुलीचे फोन नाहीत. सुरुवातीला फार बरं वाटलं. आता सकाळी आंघोळ करून तयार होतो आणि जायचं कुठे हेच कळत नाही. समाजासाठी काहीतरी करावं असं मनापासून वाटतंय.

ताई : काहीतरी म्हणजे काय?

भाऊ : तेच ठरत नाही. शाळेत शिकवावं, वृद्धाश्रमात जावं, टेकडीवर झाडं लावावीत. गरज तर सगळीकडे आहे.

ताई : गरज सगळीकडे आहे असं म्हणतोस, म्हणजे अजून एकही गरज तू जवळून पाहिलेली नाहीस. रागावू नकोस, मी वॉर्डात जे पाहिलं ते सांगते. दर दिवाळीला फळं वाटायला गट यायचे. ज्याच्या केसपेपरवर ‘तोंडाने काही देऊ नये’ असं लिहिलेलं असायचं, त्याच्याही उशाशी केळी ठेवून जायचे. मग आमची विद्यार्थिनी नर्स खाटेखाटेवरून ती उचलत फिरायची. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ‘सिस्टर, इथे काय कमी पडतं?’ असं आधी येऊन कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. गावाकडून आलेल्या बाईला सोनोग्राफीची खोली सापडत नाही, तिच्यासोबत चालायला माणूस हवं. ज्याचं कुणी नाही त्याला चार घास भरवायला माणूस हवं.

भाऊ : विचारायला मी गेलो होतो. जवळच्या शाळेत मुख्याध्यापकांना भेटलो. म्हणालो, मुलांना बचतीचं महत्त्व सांगतो, चार अनुभवाच्या गोष्टी सांगतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, व्याख्यान द्यायला पुष्कळ जण येतात. आमच्या पाचवीतल्या काही मुलांना अजून जोडाक्षरं वाचता येत नाहीत. त्यांना वर्षभर, आठवड्यातले तीन दिवस, तासभर घेऊन बसाल का?

ताई : मग?

भाऊ : विचार करून सांगतो म्हणालो. हिवाळ्यात मुलीकडे कॅनडाला जायचं आहे. वर्षभराचा शब्द कसा देऊ?

ताई : शब्द दिला नाहीस हे चांगलं केलंस. मधेच सोडून जाणाऱ्या मोठ्या माणसांची त्या मुलांना आधीच सवय असते, त्यात भर नको. पण मी त्याच्याही आधीचा प्रश्न विचारते. करायचंच कशाला? लोक मला म्हणतात, तुम्ही आयुष्यभर सेवा केलीत. मी नोकरी केली. शिकले, नाइट ड्यूट्या केल्या, पगार घेतला. सेवेच्या नावाखाली त्याच्यावर जे मागितलं गेलं ते कुणी मोजलं नाही. आता सोसायटीत कुणाचं इंजेक्शन, कुणाचं ड्रेसिंग, कुणाच्या सासूबाईंचं कॅथेटर. दाराची बेल वाजते, ‘ताई, तुम्ही आहात म्हणून बरं.’ घरात नातू आहे, त्याची शाळेची बस आहे, डबा आहे. तू स्वयंसेवा शोधायला निघालायस. मला ती शोधावी लागलीच नाही, तीच दारात येऊन उभी राहते.

भाऊ : तुझ्यावर हा भार पडतो ते चूकच आहे. पण म्हणून कुणीच काही करू नये असं होतं का?

ताई : मी फक्त माझ्यापुरतं बोलत नाही. २००५ पासून गावोगावी आशा आहेत. गरोदर बाईला दवाखान्यात नेतात, लसीकरणाच्या दिवशी घरोघरी निरोप देतात, नवजात बाळाला घरी जाऊन तपासतात. कोविडमध्ये दारोदार फिरल्या. पण सरकारदरबारी त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. म्हणून पगार नाही, थोडं मानधन आणि कामागणिक मोबदला. तो वाढवून घ्यायला त्यांना २०२१ मध्ये संप करावा लागला आणि २०२४ मध्ये आझाद मैदानावर जाऊन बसावं लागलं. फुकट किंवा थोडक्यात काम करणारं माणूस मिळतं असं एकदा दिसलं, की भरायची जागा रिकामी राहते. २०२३ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळांत निवृत्त शिक्षक मानधनावर घ्यायचं ठरलं, तेव्हा डी.एड. होऊन घरी बसलेली मुलं चिडली. त्यांचं काय चुकलं? तू फुकट शिकवायला उभा राहिलास तर कुणाच्या तरी मुलाची नोकरी अडवून उभा राहणार नाहीस ना, हे आधी बघ.

भाऊ : हा धोका आहे. पण तो टाळता येतो, आणि त्याचं उदाहरण आपल्या देशातच आहे. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाध्य आजारांतल्या वेदना कमी करणारा दवाखाना काढला. ज्यांना सर्वांत जास्त गरज होती ते अंथरुणाला खिळलेले, दवाखान्यापर्यंत पोचूच शकत नव्हते. म्हणून १९९९ पासून मलप्पुरम भागात शेजारपाजारच्या साध्या माणसांना शिकवून तयार केलं. आठवड्याला दोन तास देणारा चालेल, पण प्रशिक्षण घ्यायचं आणि ठरलेल्या घरी जायचं. यातून सरकार मोकळं सुटलं का? उलट झालं. २००८ मध्ये केरळने उपशामक सेवेचं धोरण जाहीर केलं, देशात पहिल्यांदा. पंचायतींनी पगारी नर्स नेमल्या. फुकट काम करणाऱ्यांमुळे पगाराच्या जागा तयार झाल्या.

ताई : हे उदाहरण मी मानते, कारण तिथल्या स्वयंसेवकाने नर्सचं काम हातात घेतलं नाही. तो पेशंटजवळ बसला. घरात तांदूळ आहे का, पोराची शाळा सुटली का, हे बघितलं आणि दुखणं वाढलं की नर्सला बोलावलं. माझी अट तीच आहे. जिथे जागा मंजूर आहे आणि रिकामी आहे, तिथे फुकट जाऊन उभं राहायचं नाही. ती जागा भरा म्हणून मागे लागायचं.

भाऊ : आणि जागा भरायला चार वर्षं लागली तर? तो पाचवीतला मुलगा तोवर नववीत जाईल. ग्रामीण भारतात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला उतारा वाचता येत नाही, हे ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणाचे अहवाल २००५ पासून दाखवत आलेत. आपण तत्त्व सांभाळत बसलो आणि मुलाचं वर्ष गेलं, तर ते त्याला परत कोण देणार?

ताई : याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. वॉर्डातही हाच पेच असायचा. एक सिस्टर कमी आहे म्हणून पेशंटला तसंच ठेवता येत नाही. दोन्ही एकदम करावं लागतं. मुलाला वाचायला शिकव आणि त्याच महिन्यात शिक्षणाधिकाऱ्यांना पत्र लिही, की या शाळेत इतक्या जागा रिकाम्या आहेत. नुसतं पहिलं केलंस तर उणीव झाकली जाते. नुसतं दुसरं केलंस तर मुलगा मागे राहतो.

भाऊ : हे मला पटलं. आता तुझा दुसरा मुद्दा, फुकट का राबायचं हा. आपल्या दोघांना पेन्शन आहे. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सरकारात लागलेल्यांना तुझ्यासारखी जुनी पेन्शन मिळाली नाही. कारखान्यातून निवृत्त होणाऱ्याला ईपीएस-९५ योजनेखाली किमान पेन्शन किती, तर २०१४ पासून महिना १,००० रुपये. तुझ्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना तर निवृत्तीच नाही, पासष्टीतही त्या चार घरं करतात. मला वाटतं, निवृत्ती ही मुळातच थोड्यांच्या वाट्याला येणारी गोष्ट आहे. ज्यांना ती मिळाली त्यांच्याकडे आठवड्यातले चार तास मागितले तर ते जास्त होतात का?

ताई : जास्त नाहीत. पण मग ते उपकार म्हणून द्यायचे नाहीत, देणं म्हणून द्यायचे. फरक वागण्यात दिसतो. उपकार करणारा आपल्या सोयीने येतो, देणेकरी ठरल्या तारखेला येतो. आणि हे देणं घरापासून सुरू होतं. वहिनीला विचारलंस का? तू बदल्यांच्या गावी होतास तेव्हा आपल्या आईचं शेवटचं दुखणं तिने काढलं, मुलीची दहावी-बारावी तिने काढली. आजही सकाळच्या चहापासून गॅसच्या नंबरापर्यंत घर तिच्यावर आहे. तू बाहेर समाजाचं काम करणार आणि ती घरी तुझा डबा भरणार, तर तुझ्या सेवेची किंमत तीच मोजणार.

भाऊ : विचारलं. ती म्हणाली, जरूर जा, पण आठवड्यातले दोन दिवस घर तुमच्याकडे. मलाही काहीतरी करायचं आहे. तिच्या ओळखीच्या एकजणी दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात. हिचं वाचन स्वच्छ आहे, उच्चार चांगले आहेत, तिला ते काम आवडलं. मीही म्हणालो, मी त्या मुलांचा परीक्षेत लेखनिक होईन. चौकशी केल्यावर कळलं, दहावी-बारावीच्या परीक्षेत लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, पदवीधर माणूस चालत नाही. आमच्यासारख्यांचा उपयोग परीक्षेच्या तीन तासांत नाही, वर्षभर आहे. धडे वाचून दाखवायचे, ध्वनिमुद्रण करायचं, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना सोबत बसायचं.

ताई : हेच मी म्हणते. चौकशी केली की हौसेला आकार येतो. आता मला सांग, तुला असं काय चांगलं येतं, जे चारचौघांना येत नाही?

भाऊ : कागद. कुठल्या अर्जावर कुणाची सही लागते, नॉमिनी लावलेला नसेल तर पुढे काय, खातं निष्क्रिय झालं तर ते कसं उघडायचं, हे मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन.

ताई : मग ऐक. पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, आमच्याकडे सर्पदंशाचे पेशंट यायचे. बरेचसे वाचायचे, एखादा जायचा. त्याची बायको त्याला घेऊन गावी निघायची. कागदपत्रांच्या पिशवीत पासबुक असायचं. एकदा मी सहज उघडून पाहिलं तर दरवर्षी बारा रुपये वजा झालेले. कशाचे ते तिला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं.

भाऊ : पंतप्रधान सुरक्षा विमा. २०१५ पासून आहे. तेव्हा वर्षाला १२ रुपये कापायचे, जून २०२२ पासून २० कापतात. अठरा ते सत्तर वयाच्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. जीवनज्योती विम्याचे ४३६ रुपयेही कापलेले असतील तर आणखी २ लाख, मग मृत्यूचं कारण अपघात नसलं तरी. पण दावा बँकेत जाऊन करावा लागतो, शक्यतो तीस दिवसांत. आणि सर्पदंश, झाडावरून पडणं अशा घटनांत मृत्यूचं कारण रुग्णालयाच्या तेव्हाच्या नोंदीतून दिसावं लागतं.

ताई : ती नोंद आमच्याकडे असते. केसपेपरवर ‘सर्पदंश’ स्पष्ट लिहिलं आहे की नुसतं ‘श्वास बंद पडला’ एवढंच, यावर त्या बाईचे २ लाख ठरणार. ती निघायच्या आधी कुणी तिला एवढंच सांगायला हवं होतं, की या कागदांच्या प्रती घे, जपून ठेव आणि महिन्याच्या आत बँकेत जा.

भाऊ : मी याच गोष्टीचं दुसरं टोक पाहिलंय. अशी बाई बँकेत यायची ती वर्षा-दोन वर्षांनी, गावात कुणाकडून तरी ऐकून. हातात फक्त मृत्यूचा दाखला. रुग्णालयाचे कागद आणायला परत एसटीने शहरात या, एक दिवसाची मजुरी बुडवा, खिडकी सापडेपर्यंत फिरा. काही जणी पुन्हा आल्याच नाहीत. कधीकधी मधे एखादा दलाल उभा राहायचा आणि मिळालेल्या रकमेतला वाटा घ्यायचा.

ताई : म्हणजे काम तुझ्या बँकेत आणि माझ्या वॉर्डात, दोन्हीच्या मधे पडलंय, आणि ते करायला कुणी नेमलेलं नाही. धर्मादाय रुग्णालयांचंही असंच आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेल्या योजनेप्रमाणे ट्रस्टच्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत ठेवायच्या आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड दाखवावं लागतं. किती जणांना हे माहीत असतं? मंगळसूत्र गहाण टाकून झाल्यावर कुणीतरी सांगतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुठला आजार बसतो, कुठलं रुग्णालय त्यात आहे, हे सांगायला आरोग्यमित्र नेमलेले आहेत. पण घाबरलेल्या माणसाला आधी त्यांच्या टेबलापर्यंत नेऊन पोचवावं लागतं.

भाऊ : आणि आपल्याच वयाची माणसं! नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा असतो. ऐंशीच्या पुढच्यांचे बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र घेत नाही, ते घाबरतात की पेन्शन बंद होईल. आता फोनच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा धरूनही दाखला देता येतो. शेजारी बसून करून द्यायला दहा मिनिटं लागतात. तसंच विसरलेल्या ठेवींचं. दहा वर्षं व्यवहार झाला नाही की बँक ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत टाकते, पण खातेदाराचा आणि वारसांचा हक्क जात नाही. रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव घालून शोधता येतं. कितीतरी विधवांना नवऱ्याची ठेव कुठल्या बँकेत होती हेच माहीत नसतं.

ताई : या कामाला माझा विरोध नाही, आणि का नाही तेही सांगते. यात तू कुणाची नोकरी घेत नाहीस. सरकारची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेऊन त्याला मोकळं करत नाहीस. जे देऊ म्हणून कबूल केलंय ते त्या माणसाच्या हातात पडेल एवढं बघतोस. घेणाऱ्याला मान खाली घालावी लागत नाही, कारण ती भीक नाही, त्याचं हक्काचं आहे.

भाऊ : मग मी उद्याच एखाद्या सरकारी रुग्णालयात जातो.

ताई : सरळ वॉर्डात शिरू नकोस. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतात. त्यांना भेट. पेशंटचे नातेवाईक पहिल्यांदा त्यांच्याकडेच येतात, त्यामुळे अडतं कुठे हे त्यांना पक्कं माहीत असतं. परवानगी घे, बसायची जागा ठरवून घे. पहिला महिना फक्त बघ आणि शिक. शाखाधिकारी होतास हे कुणाला सांगू नकोस. लिपिक सांगेल ते ऐक. पेशंटचा फोटो काढायचा नाही, त्याची गोष्ट बाहेर सांगायची नाही.

भाऊ : बँकेतले काही नियम माझेही आहेत. कुणाचं पासबुक, आधार घरी आणायचं नाही. ओटीपी, पिन विचारायचा नाही, त्याने आपणहून सांगितला तरी लिहून ठेवायचा नाही. पैशाला हात लावायचा नाही. दावा मंजूर झाल्यावर कुणी आनंदाने पाचशेची नोट पुढे केली तरी घ्यायची नाही. आणि ‘नक्की मिळतील’ असं कधीच म्हणायचं नाही, ‘अर्ज पुरा आहे’ एवढंच म्हणायचं.

ताई : आणि कॅनडाचं?

भाऊ : एकट्याने करायचंच नाही. माझ्याबरोबर निवृत्त झालेल्या दोघा सहकाऱ्यांशी बोलतो. दर मंगळवारी दोघं बसतील. एक परगावी गेला तर तिसरा येईल. कुणाचा अर्ज कुठवर आला ते एका वहीत लिहिलेलं राहील, म्हणजे माणूस बदलला तरी काम अडणार नाही. मुलीकडे कधी जाणार ते आधीच सांगून ठेवीन.

ताई : शाळेच्या मुलांचंही तसंच जमेल. तिथे शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली जोडीदार शोध. वाचायला शिकवणं हे एक कसब आहे, वय झालं म्हणून ते आपोआप येत नाही.

भाऊ : पण ताई, सगळं कागदात आणि कसबात मावत नाही. मृत्यू जवळ आलेल्या माणसाजवळ बसायला कुठला अर्ज लागतो? मलप्पुरमची ती माणसं आठवड्याला दोन तास फक्त जाऊन बसायची, तेही काम होतं. जे मोजता येतं तेवढंच खरं काम, असं तू म्हणतेस असं मला वाटायला लागलंय.

ताई : तसं मी म्हणणार नाही. मी कितीतरी जणांचे हात शेवटी हातात घेतलेत आणि तेव्हा माझ्याकडे द्यायला औषधही उरलेलं नसायचं. पण ते सर्वांत कठीण काम आहे. तिथे बोलून चालत नाही, धीर देऊन चालत नाही, ‘बरं होईल’ असं खोटं सांगून तर मुळीच चालत नाही. बसलेल्या माणसाला गप्प राहता आलं पाहिजे. पुण्यात वारज्याला सिप्ला फाउंडेशनचं केंद्र १९९७ पासून कॅन्सरच्या रुग्णांना मोफत उपशामक सेवा देतंय. अशा ठिकाणी आधी शिकायला जावं, मग बसायला. ज्याला ते जमेल त्याने जरूर करावं.

भाऊ : मला या सगळ्यातून समाधान हवं आहे. ते मागणं गैर आहे का?

ताई : गैर मुळीच नाही. पण ते मिळणार नाही त्या दिवशी काय करायचं हे ठरवून ठेव. दावा फेटाळला जाईल. महिनाभर शिकवलेल्या मुलाचं कुटुंब वीटभट्टीवर निघून जाईल. ज्या बाईसाठी तीन फेऱ्या मारल्यास ती तुझ्याशी तुटक बोलेल, कारण तिच्यावर आभाळ कोसळलेलं असेल.

भाऊ : तरी पुढच्या मंगळवारी मी जागेवर असेन.

ताई : मग तुझं काम टिकेल.

भाऊ : आणि तू? तू येशील का?

ताई : मी सांगते मी काय करणार नाही. जिथे परिचारिकेची जागा रिकामी आहे तिथे मी फुकट सिस्टर म्हणून येणार नाही, आणि सोसायटीतलं कॅथेटर आता घरी येऊन पैसे घेणाऱ्या प्रशिक्षित मुलीला सांगायचं, असं मी ठरवलंय. तिलाही काम मिळू दे. पण दोन गोष्टी करेन. तुझ्या मंगळवारच्या माणसांना मी केसपेपर वाचायला शिकवेन, कुठली नोंद कुठे असते, कशाची प्रत मागायची ते. आणि मी माहिती अधिकारात अर्ज करणार आहे. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयांत परिचारिकांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, एवढंच विचारायचं. मग त्या आकड्यांमागे लागायचं.

भाऊ : हीसुद्धा स्वयंसेवाच झाली.

ताई : तू तिला सेवा म्हण. मी तिला नागरिकाचं काम म्हणते. आणि एक गोष्ट राहिलीच. ज्याला यातलं काहीच करायचं नाही, ज्याला चाळीस वर्षांनंतर नुसतं अंगणात बसायचंय, त्याला कुणी नावं ठेवू नयेत. दमलेल्या माणसाला विसाव्याचा हक्क आहे.

भाऊ : हक्क आहे. पण ज्याच्यात ताकद उरली आहे त्याने ती वापरावी असं मी म्हणतच राहणार.

दोघांचं पूर्ण एकमत झालं नाही आणि ते व्हायला हवं असंही मला वाटत नाही. ताईची शंका नसेल तर निवृत्तांची हौस फळवाटपावर थांबते आणि फुकटच्या हातांवर सरकारी उणिवा निभावून नेल्या जातात. भाऊची तळमळ नसेल तर व्यवस्था सुधारेपर्यंत समोरचं माणूस ताटकळत राहतं. मला दोघांच्या बोलण्यातून एक गोष्ट पक्की वाटते. काम अर्थपूर्ण झालं की नाही हे करणाऱ्याच्या मनाला काय वाटलं त्यावर ठरत नाही. ज्याच्यासाठी केलं त्याच्या हातात शेवटी काय पडलं, त्यावर ठरतं. कुणाला विम्याचे पैसे मिळाले, कुणाला जोडाक्षर वाचता आलं, कुणाला रुग्णालयातली खाट मिळाली. करणाऱ्याचं समाधान त्यामागून येतं, आणि ज्या दिवशी येत नाही त्या दिवशीही काम खरंच असतं.

म्हणून ‘मला काय करायला आवडेल?’ यापासून सुरुवात करू नये. आपल्या घराजवळची एक शाळा, एक रुग्णालय किंवा एक टपाल कार्यालय निवडावं. तिथे रोज काम करणाऱ्या शिक्षिकेला, सिस्टरला, खिडकीवरच्या माणसाला विचारावं, की लोकांचं इथे कुठे अडतं? उत्तर ऐकून घ्यावं. आयुष्यभराच्या नोकरीने जे शिकवलं त्यातलं त्या अडचणीला काय लागू पडतं ते पाहावं. जोडीदार शोधावा, वार ठरवावा, घरच्यांशी कामाची वाटणी करावी आणि शिकायला तयार राहावं. ज्या कार्यालयाने हे काम करायला हवं होतं त्याला महिन्यातून एक पत्र लिहीत राहावं. महाराष्ट्रात निवृत्त शिक्षक, परिचारिका, लिपिक, अभियंते, तलाठी, बँक कर्मचारी गावोगावी आहेत आणि सरकारी कागद कसा हलतो हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. ते ज्ञान त्यांच्याबरोबर घरी बसून राहू नये, एवढीच माझी विनंती आहे.